मनीला घरी बसवलंस ते दिवस

कुसुम,

तू जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. काल सकाळपासून चार वेळा बस स्टँडवर जाऊन आलो. रजेवरचा ड्रायव्हर स्टँडवर येरझाऱ्या घालतोय म्हटल्यावर माधव कंडक्टरनं हाताला धरून बाकावर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "वैनीची आठवण येऊन राहिली का?" मी मान हलवली. खरं म्हणजे मी तुझ्याशी भांडत होतो. मनातल्या मनात, पण चांगलंच तावातावानं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हळू बोला, चक्कीवर बाया हायत."

भांडण जुनंच आहे, आपल्या लेकीवरनं. मनीचं. तिला शाळेतून काढून घरी बसवलंस तिथून सुरू झालेलं आणि आपण दोघांनीही कधी पुरतं न मिटवलेलं. अकरा वर्षांत किती वेळा ते उकरून काढलं आणि तसंच झाकून ठेवलं. आता तू ऐकायला नाहीस आणि मला एकेक गोष्ट आठवून राहिली आहे. तुला न सांगितलेलीसुद्धा.

तेव्हा मनी नववीला होती. जिल्हा तेव्हा फुटला नव्हता, वसमत अजून परभणी जिल्ह्यातच होतं. मी वसमत–औंढा गाडीवर होतो, दिवसाला तीन फेऱ्या. मी घरी यायचो तो दमून आणि लाड करायला. हो, तुझं म्हणणं बरोबर होतं. पोरीला रागवायचं काम तुझ्याकडे आणि रेवड्या आणायचं माझ्याकडे. तुला त्याचा राग यायचा, पण तू तो आपल्या घरच्या पिठाच्या चक्कीचा पट्टा चढवता चढवता गिळून टाकायचीस. तुझ्या भुवयांवर पीठ असायचं. त्यामुळे तू चिडलीस की थकलीस, मला कधी नीट कळायचं नाही.

त्या गाडीला सविता रोज असायची. तांड्यावरची, मनीच्याच वर्गातली. तांडा फाट्यावर सकाळी हात करायची आणि शाळा सुटली की माझ्याच गाडीनं परत. पुढच्या दारातून चढायची, केबिनच्या मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची. कधी कधी पुस्तक काढून गणितं करायची, गाडी खड्ड्यात आदळली तरी तिची पेन्सिल चालूच. सहामाहीला ती गणितात पहिली आली आणि आपली मनी दुसरी. मनीनं घरी सांगितलं ते असं, "त्या तांड्यावरच्या पोरीला बाईंनी मुद्दाम जास्त मार्क दिले." मी हसलो होतो. तू हसली नव्हतीस. तू म्हणाली होतीस, "तांड्यावरची असंल, पण तिला नाव असंल ना?"

पुढं काय चाललं होतं ते आपल्याला नंतर कळलं. चौघीजणी होत्या आणि त्यांची पुढारी आपली पोर. सविता बोलली की तिच्या बोलण्याची नक्कल करायची. तिची आई एकदा शाळेत येऊन गेली, हातभर पांढऱ्या बांगड्या आणि आरशांची चोळी घालून, तेव्हापासून सविता वर्गात शिरली की चौघींनी बांगड्या वाजवायच्या. तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही, बसेल तिच्याशीही बोलायचं नाही. डब्यात खडूची भुकटी. वहीची पानं फाडून खिडकीबाहेर. आणि मग तो शनिवार.

शनिवारची सकाळची शाळा अकराला सुटायची. त्या दिवशी सविता मुलींच्या संडासात गेली आणि मनीनं बाहेरून कडी घातली. एकीनं दप्तर उचलून शाळेच्या पत्र्यावर फेकलं. चौघी हसत घरी आल्या. मनी घरी येऊन जेवली, झोपली. माझी औंढा गाडी साडेअकराची. सविता दिसेना म्हणून मी दोन मिनिटं जास्त थांबलो, दोनदा हॉर्न दिला आणि निघालो. दुपारी तीनला शाळेच्या शिपाई मावशी कुलपं लावायला गेल्या तेव्हा त्यांना आतून दार वाजल्याचं ऐकू आलं. चार तास, कुसुम. मार्चच्या उन्हात, पत्र्याखाली. पास दप्तरात आणि दप्तर पत्र्यावर. मावशींनी पैसे देऊ केले ते तिनं घेतले नाहीत. सात किलोमीटर चालत गेली. मी परतीच्या फेरीला त्याच रस्त्यानं आलो होतो, समोरून एक पोरगी चालत येताना दिसली असेल, मी पाहिलं नसेल.

सोमवारी ती फाट्यावर नव्हती. मंगळवारीही नव्हती.

बुधवारी शिपाई मावशी दळण घेऊन चक्कीवर आल्या आणि त्यांनी तुला सगळं सांगितलं. ज्वारी दळली जात होती, तू मधेच बटण बंद केलंस. नंतर बाया सांगत होत्या, चक्की बंद झाल्यावर इतकं शांत झालं की कुणाला काय बोलावं सुचेना. तू तशीच पिठाच्या अंगानं आत आलीस. मी जेवायला बसलो होतो. मनी आरशासमोर वेणी घालत होती.

"सविताला कोंडलंस का?" तू विचारलंस.

"मी न्हाई. सगळ्या व्हतो."

"कडी कुनी घातली?"

मनी वेणी घालत राहिली.

"मने, कडी कुनी घातली?"

"मी. पन गंमत केली ना आई. आमी म्हनलं व्हतं उघडू, मग इसरलो."

"गंमत दोघींलाबी आली पायजे," तू म्हणालीस. "तिला आली का?"

मला वाटलं तू मारशील. मी ताटावरून उठलोही होतो, मधे पडायला. पण तू मारलं नाहीस. तू तिचं दप्तर उचललंस, कपाटावर ठेवलंस आणि म्हणालीस, "ती शाळंत येत न्हाई तवर तूबी जायाचं न्हाई. आन् तिच्या आईबापासमोर तुज्या तोंडानं सांगायचं, काय केलं ते."

मी ओरडलो तुझ्यावर. वार्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. "पोरीचं वर्ष वाया जाईल, काही कळतं का तुला?"

"आन् तिचं जाऊन राहिलं त्याचं?"

"तिचं तिचे आईबाप बघतील. तू आपल्या पोरीचं बघ."

"तेच बघून राहिले," तू म्हणालीस आणि चक्की सुरू केलीस. त्या आवाजात पुढचं काही बोलता येईना. तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही.

दोन दिवस मी गप्प राहिलो. मनी रडायची, जेवायची नाही, मी घरात आलो की माझ्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी तू माहेरच्या कुणाला भेटायला सकाळी गेलीस आणि मी ती संधी साधून मनीला शाळेत नेलं. हे तुला माहीत आहे, पण त्या सकाळी मी हेडमास्तरांना काय सांगितलं ते माहीत नाही. मी म्हणालो, "सर, पोरींची चेष्टामस्करी. आमच्या मंडळी जरा जास्तच मनावर घेतात." म्हणजे मी तुलाच खोटं पाडलं. ते हसले, मीही हसलो आणि मनी वर्गात जाऊन बसली.

तू आलीस अकराच्या सुमाराला. तुला कुणी सांगितलं कोण जाणे. हातातली पिशवी घरी ठेवलीही नव्हतीस. वर्गाच्या दारात उभी राहिलीस, बाई फळ्यावर लिहीत होत्या, तू म्हणालीस, "मने, चल." मनी उठेना. तू आत गेलीस आणि साठ पोरींसमोर तिला हाताला धरून बाहेर काढलंस.

इथं माझं आणि तुझं अजून जमत नाही. आजही मी म्हणतो, ते चुकलं. पोर चौदा-पंधराची. तिची अब्रू तू चारचौघींत काढलीस. त्या रात्री मी हेच म्हणालो तर तू म्हणालीस, "तिनं काढली ती अब्रू न्हवती का?" मी म्हणालो, "दोनी चूक."  आणखी एक सांगतो. मनी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, तू अंगणात शेवया वाळत घालत होतीस आणि अचानक मला विचारलंस, "तवा मी वर्गात जायाला नको व्हतं का हो?" किती वर्षांनी! खरंच विचारत होतीस, भांडायला नाही. आणि मी काय केलं? "आता इचारून राहिली व्हय?" असं म्हणून चप्पल घातली आणि स्टँडवर निघून गेलो. मला नीट उत्तर देता आलं असतं. म्हणता आलं असतं की तुझं जाणं चुकलं, पण त्याच सकाळी माझं हेडमास्तरांकडे जाणं त्याहून जास्त चुकलं. मी तिला नेऊन बसवलं नसतं तर तुला तिथं यावंच लागलं नसतं. एवढं साधं होतं.

शाळेतून तू मनीला घेऊन थेट स्टँडवर आलीस. माझी गाडी फलाटावर लागलेली. तू चढलीस, मागून मनी, डोळे सुजलेले. माधवनं तुला बघितलं आणि म्हणाला, "वैनी, कुठं?" तू म्हणालीस, "तांडा फाटा. दोन द्या." "तुमाला कशाला तिकीट, वैनी?" "द्या." मी आरशात बघत होतो. सात किलोमीटर तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. फाट्यावर मी गाडी थांबवली. तू उतरलीस, मनीला उतरवलंस आणि दोघी तांड्याच्या वाटेला लागलात. मला पुढं औंढ्याला जायचं होतं. मी गेलो.

सहा दिवस असं चाललं. दुपारी माझ्याच गाडीनं जायचं, संध्याकाळी माझ्याच गाडीनं यायचं. चक्की दुपारी बंद, बाया कुरकुर करायच्या, काही दुसऱ्या चक्कीला गेल्या त्या कायमच्या. तिथं काय होतंय ते तू सांगत नव्हतीस आणि मी विचारत नव्हतो. सातव्या दिवशी सकाळी सविता फाट्यावर उभी दिसली. मी ब्रेक इतका जोरात मारला की मागच्या लोकांनी शिव्या दिल्या. ती चढली, पण केबिनच्या मागं बसली नाही. पार शेवटच्या सीटवर जाऊन बसली. त्याच दिवशी तू कपाटावरचं दप्तर काढून मनीच्या हातात दिलंस.

मनीला त्या वर्षी गणितात पस्तीस पडले. मी तो निकालाचा कागद तुझ्यापुढं टाकला होता, आठवतं? "बघ तुझ्या शिस्तीचं फळ." तू तो घडी करून डब्यात ठेवलास आणि म्हणालीस, "सविता पास झाली." मनी त्यानंतर दोन वर्षं तुझ्याशी कामापुरतं बोलायची. आणि त्यात सविता आता शाळा सुटली की गाडीची वेळ होईपर्यंत आपल्या चक्कीवर येऊन बसायला लागली. तू तिला भाकरी द्यायचीस, ती पोत्यावर बसून गणितं करायची. ती आली की मनी आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. एकदा मनी माझ्याजवळ म्हणाली, "आण्णा, आईला पोरगी बदलून पायजे व्हती वाटतं." हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तू दुखावली असतीस, पण तू तिच्या खोलीचं दार वाजवलं असतंस.

आता जे खरं सांगायचं आहे ते. मी त्याच्याभोवतीच फिरून राहिलो आहे, तेवीस दिवस.

त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस फाटा यायच्या आधी सविता उठून केबिनच्या जाळीजवळ आली. गाडीत गर्दी नव्हती. म्हणाली, "काका, मनीषा तुमची पोरगी ना?"

"व्हय. काहून?"

"तिला म्हना ना. मला तरास देऊ नको म्हना. माजं नाव सांगू नका, पन म्हना."

तिचा आवाज कापत होता. मला कळलं होतं, कुसुम. कळलं नाही असं मी स्वतःला कितीदा सांगितलं, पण कळलं होतं. आणि मी हसलो. म्हणालो, "अगं, पोरी-पोरीचं काय मनावर घेतीस? दोन दिवसांत गोड होताल." हॉर्न दिला, गाडी थांबवली, ती उतरली. मी घरी आलो, मनीला रेवड्या दिल्या, एक शब्द बोललो नाही. मनीला कुणी वाईट म्हणावं हे मला सहन होत नव्हतं. त्या पोरीनं म्हटलं तेही नाही.

मी त्या दिवशी घरी येऊन एक वाक्य बोललो असतो तर तो शनिवार आला नसता. हे मी तुला अकरा वर्षांत सांगितलं नाही. तू मनीला "तुज्या तोंडानं सांग" म्हणालीस तेव्हा मी तिथंच ताटावर बसलो होतो आणि माझ्या तोंडात घास होता.

तुझ्या दहाव्याला सविता आली. आता ती सिद्धेश्वरच्या बाजूच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स आहे, तुला माहीतच आहे, तूच पेढे वाटले होतेस. बायांमध्ये बसली, रडली नाही. निघताना मला म्हणाली, "येते काका." मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. मी चपला शोधायचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनी चक्कीत होती. तू गेलीस त्या दिवशीचे लोकांचे डबे तसेच रांगेत पडले होते, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. ते दळून ज्याचे त्याला द्यायचे असं मनीनं ठरवलं. ती ओतत होती, मी पीठ भरत होतो. तिचा पोरगा दारात पोत्यावर बसून खेळत होता. एक डबा झाला आणि तिनं बटण बंद केलं, तेव्हा मी बोललो. कसं बोललो माहीत नाही. सगळं सांगितलं, केबिनची जाळी, सविताचा आवाज, माझं हसणं. मान खाली घालून सांगितलं, आपल्याच लेकीपुढं.

मनी म्हणाली, "मला म्हाईत हाय आण्णा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सवितानं तवाच सांगितलं व्हतं. तांड्यावर. आईसमोर."

मग तिनं मला ते सहा दिवस सांगितले, जे तू कधी सांगितले नाहीस. तांड्यावर तेव्हा हळद शिजवून वाळत घातली होती. पहिल्या दिवशी सविता घराबाहेर आलीच नाही. तिची आई, जिला ती याडी म्हणते, ती तुमच्याकडे पाठ करून हळद पालटत राहिली. तू विचारलं नाहीस, सविताच्या अंगणात खाली बसलीस आणि तिच्याबरोबर हळद पालटायला लागलीस. मनी उभी. तासभर उभी, तोंड उघडेना. संध्याकाळी सविताचा बाप आला. म्हणाला, "बाई, पोरगी न्हाई म्हनून राहिली. आता शाळा बास. औंढ्याकडं एक पोरगा बघितला, लगीन लावून टाकू." तू म्हणालीस, "माजी पोरगीबी घरी बसलीया. तुमची येत न्हाई तवर माजी जात न्हाई." तो माणूस तुझ्याकडे बघत राहिला. "तुमच्या पोरीचं काहून नुकसान करता बाई?" तू म्हणालीस, "नुकसान तिनं केलं. मी भरून राहिले."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी याडीनं तुला पाणी दिलं. चौथ्या दिवशी मनी बोलली. "कडी मी घातली. दप्तरबी माज्या सांगन्यावरनं फेकलं. बांगड्या मीच वाजवायला लावल्या." एवढं म्हणून ती खाली बसली. तेव्हा सविता बाहेर आली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. मनीला म्हणाली, "तुज्या बापालाबी सांगितलं व्हतं मी. त्यो हसला."

मनी सांगत होती, आईनं मान वर केली नाही. हातातली हळद पालटत होती ती पालटतच राहिली, फक्त हात हळू झाले.

सहाव्या दिवशी सवितानं कबूल केलं, तेही तिच्या अटीवर. शाळेत येईन, पण मनीनं माझ्याशी बोलायचं नाही. कधीच नाही. चांगलंसुद्धा नाही. तू लगेच "बराबर हाय" म्हणालीस. मनीला त्या वेळी वाटलं होतं की आई निदान मैत्री करा तरी म्हणेल. तू म्हणाली नाहीस.

"आन् माझं?" मी मनीला विचारलं. "माझ्याबद्दल तिनं काहीच न्हाई म्हटलं?"

"फाट्यावर तुमच्या गाडीची वाट बघत बसलो व्हतो," मनी म्हणाली. "मी आईला म्हनलं, आण्णाला इचार की. मलाच काहून शिक्षा? तर आई म्हनली, आण्णाला बोलायचं न्हाई. ते सोताहून सांगतील."

"आन्?"

"मी म्हनलं, न्हाई सांगितलं तर? तर ती म्हनली, मंग न्हाई सांगितलं. आन् तुमची गाडी आली."

कुसुम, मी पुढचा डबा उचलून ओतायला लागलो. मनीनं तो माझ्या हातून काढून घेतला.

अकरा वर्षं! आपण किती भांडलो ह्या एका गोष्टीवरून. मी तुला कडक म्हटलं, दगड म्हटलं, पोरीची वैरीण म्हटलं. पस्तीस मार्कांचा कागद तुझ्या तोंडावर टाकला. तुझ्याजवळ एक वाक्य होतं. "तुमाला तर आधीच म्हाईत व्हतं." एवढं म्हणाली असतीस तर मी जागच्या जागी मेलो असतो, परत ह्या विषयावर तोंड उघडलं नसतं. तू ते एकदाही काढलं नाहीस. काहून? मी हेच विचारून राहिलो आहे तेव्हापासून, स्टँडवर, रस्त्यानं, आंघोळ करताना. तू मला माफ केलं होतंस म्हणून? की माझी वाट बघत होतीस म्हणून? की थकलीस? शेवया वाळत घालताना तू "मी जायाला नको व्हतं का" असं विचारलंस, तेव्हा तू तुझी चूक पुढं ठेवत होतीस, म्हणजे मला माझी ठेवता यावी, असं होतं का? मला कळत नाही. आणि मला तुझा रागही येतो. मनीला शिकवायला तू सहा दिवस उन्हात हळद पालटत बसलीस. मला शिकवायला तुझ्याकडे एक दुपारही नव्हती? एकदा माझाही हात धरून न्यायचं होतंस, भर स्टँडवरून, माधवसमोर. मी ओरडलो असतो. पण आलो असतो.

हे मनीला म्हटलं तर ती रागावली. "समद्याला आईनंच हात धरून न्यावं का आण्णा?" बरोबर आहे तिचं. बोलताना ती अगदी तुझ्यासारखी दिसते, हे तिला सांगितलं तर तिला रडू आलं. मग हळूच म्हणाली की तिच्या पोराच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे, तो दुसऱ्या पोरांना चिमटे काढतो. तुला फोन करून विचारायचं तिच्या मनात होतं आणि त्याच आठवड्यात तू गेलीस. मी म्हणालो, "तू कर ना तुझं." ती म्हणाली, "करीन. पन इचारायचं व्हतं."

मनी नांदेडला परत गेली आणि गेल्या मंगळवारी मी औंढ्याच्या गाडीत बसलो. प्रवासी म्हणून, खिडकीशी. तांडा फाटा आला तसा मी खाली बघितलं. पुढं औंढ्याला गाडी बदलून त्या गावी गेलो. उपकेंद्रापुढं बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, लसीचा दिवस होता. मी रांगेत सगळ्यांत शेवटी बसलो. सवितानं मला बघितलं, काही म्हणाली नाही, एकेका लेकराचं वजन करत राहिली. दीड तासानं सगळ्या गेल्या तेव्हा म्हणाली, "काका, तुमी? मनीषा बरी हाय ना?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "तू मला गाडीत म्हनाली व्हतीस आन् मी हसलो. मला कळलं व्हतं. कळूनबी मी कुनाला सांगितलं न्हाई. माझं चुकलं."

ती सुया मोडून डब्यात टाकत होती. तिनं काम थांबवलं नाही. मग म्हणाली, "मी परत शाळंत आले ना, त्यानंतर दहावी होईस्तोवर तुमच्याच गाडीत बसले. रोज वाटायचं, आज इचारतील."

एवढंच म्हणाली.  काकू असत्या तर, वगैरे काही ती म्हणेल असं मला वाटत होतं, तसंही ती काही म्हणाली नाही. मी दाराकडे वळलो, तर मागून तिनं हाक मारली, "काका, बसा जरा. चेहरा असा काहून झाला?" स्टुलावर बसवलं, बाहीवर पट्टा गुंडाळला आणि कानाला नळी लावून खाली बघत राहिली. मग पुन्हा एकदा पंप दाबला. "बीपी लई वाढलं हाय. गोळी चालू हाय का?"

"न्हाई."

"काकूंनी किती वेळा सांगितलं व्हतं मला, त्यांचं बघ म्हनून. तुमीच आला न्हाई."

तिनं एक कागद काढला, त्यावर माझं नाव लिहिलं, गोळ्यांची पट्टी त्यात गुंडाळून हातात दिली. रात्री एक घ्यायची, मीठ कमी करायचं. आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारी या. परत बघू."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. ते मी मागायला गेलोही नव्हतो, म्हणजे गेलो होतो, पण तिथं गेल्यावर मागता आलं नाही. गोळी रोज घेऊन राहिलो आहे. उद्या मंगळवार आहे आणि मी जाणार आहे, साडेअकराच्या गाडीनं.